एआर-१५ कार्बाइनवर मागची साइट आणि रेड डॉट: कुठलं माउंट, कुठे बसवू, झीरो कसं करू?

नवखा_नेमबाज

नमस्कार मंडळी. राज्य टेक्सास. एआर-१५ पद्धतीची कार्बाइन, १६ इंची नळी, कार्बाइन लांबीची गॅस सिस्टिम. पुढचा साइटचा खांब त्रिकोणी, नळीवर पिना ठोकून कायमचा बसवलेला. वरचा रिसीव्हर (बंदुकीच्या अंगाचा वरचा भाग) सपाट, त्यावर पिकॅटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी), आणि मागे साइटच नाही. हँडगार्ड (नळीभोवतीचं हाताने धरायचं कवच) प्लास्टिकचा, दोन तुकड्यांचा, त्याच्यावरही रेलचा एक छोटा तुकडा स्क्रूने जोडलेला आहे.

मागवलंय ते असं: मॅगपुलची घडी होणारी एमबस मागची साइट आणि होलोसनचा ४०३बी रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट). डॉटच्या खोक्यात दोन माउंट आले, एक बुटकं आणि एक उंच.

प्रश्न:
कुठलं माउंट लावू? समोरचा खांब काचेत मधोमध येणार का?
डॉट रेलवर नेमका कुठे? हँडगार्डवरच्या तुकड्यावर लावला तर मागे मोकळी जागा राहते.
लॉकटाइट (स्क्रूचे आटे पकडून ठेवणारा द्रव) लावायचं का, आणि किती आवळायचं?
लाल ठिपका माशीच्या (पुढच्या खांबातल्या उभ्या खिळ्याच्या) टोकावर टेकलेला दिसायलाच हवा का?
जवळची रेंज २५ यार्डांची. ५० आणि १०० ची सोय आहे, पण लांब. २५ वर झीरो (नेम आणि गोळी एका जागी जुळवणं) करून भागेल का?

लोखंडी_माशी

काम सुरू करण्याआधीचं: मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे अडकवलेला, चेंबरमध्ये नजर आणि करंगळी दोन्ही घालून खात्री. काडतुसं दुसऱ्या खोलीत. डॉट बसवताना आपण दर दोन मिनिटांनी बंदूक उचलून काचेतून बघत असतो, म्हणून हे.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी लोखंडी साइट (म्हणजे काचेविना, मागची साइट आणि पुढची माशी) बसवून तिचं झीरो करा, डॉट त्यानंतर. दोन्ही एकदम बसवून रेंजवर गेलात आणि गोळ्या भलतीकडे लागल्या, तर दोष कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

मागची साइट रिसीव्हरच्या रेलवर अगदी शेवटच्या खाचेत. दोन साइटमधलं अंतर जितकं जास्त तितकी नेमातली चूक कमी. बसवल्यावर चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) पूर्ण मागे ओढून बघा, बोटं कुठे अडकत नाहीत ना. एमबसचं अंग पॉलिमरचं आहे, त्यामुळे स्क्रू घट्ट लागला की थांबायचं. पुढे जोर लावला की प्लास्टिक दबतं, पकड काही वाढत नाही.

मग खांबाच्या मागच्या बाजूला किंवा कडेला "एफ" अक्षर कोरलंय का ते बघा. सपाट रिसीव्हरसाठी बनवलेला खांब सुमारे ०.०४ इंच, म्हणजे १ मिलिमीटर उंच असतो आणि त्यावर ही खूण असते. खूण नसेल तर गोळ्या वर लागतील, त्या खाली आणायला माशी वर काढत काढत तिचे आटे संपायला येतील. त्यावर इलाज सोपा, तेवढीच उंच माशी वेगळी मिळते. खांब बदलायची गरज नाही.

माशीची सुरुवात: तिच्या बुडाची चकती खांबाच्या खळग्याच्या कडेशी समतल. चार दात्यांचं हत्यार मिळतं ते घ्या. काडतुसाच्या टोकाने माशी अडकवणारी खिट्टी दाबण्याची जुनी पद्धत घरात तरी नको. खांबावर बाण आणि "अप" लिहिलेलं असतं: त्या दिशेने फिरवलं की माशी खाली जाते आणि गोळी वर जाते. इथे सगळे गोंधळतात. तुमच्या लांबीच्या कार्बाइनवर एक क्लिक म्हणजे २५ मीटरवर साधारण १.२ सेंटिमीटर, अर्धा इंच धरून चाला.

आता माउंट. उंच लावा. सपाट रेलच्या पाठीपासून डॉटच्या काचेच्या मध्यापर्यंतची उंची ३६ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठिपका आणि लोखंडी साइट एका रेषेत येतात, आणि खांब काचेच्या मध्यापर्यंत वर येतो. ३९ ते ४० मिलिमीटर ठेवली की खांब खालच्या तिसऱ्या हिश्श्यात उतरतो आणि वरची काच मोकळी राहते. खांब पक्का असलेल्या बंदुकीवर हीच उंची सोयीची, आणि तुमच्या खोक्यातलं उंच माउंट त्याच मापाचं आहे. बुटकं माउंट दस्त्याची रेषा खाली असलेल्या बंदुकांसाठी. एआरच्या सरळ दस्त्यावर ते लावलं तर गाल दाबून मान मोडेपर्यंत वाकावं लागेल.

जागा फक्त रिसीव्हरवर. हँडगार्डवरच्या तुकड्याचा विचार सोडून द्या. तो हँडगार्ड एका स्प्रिंगच्या कड्याने धरलेला आहे, हाताने पिळला तरी हलतो. डॉट तिथे लावला तर झीरो हाताच्या दाबावर अवलंबून राहील. माउंटचा एक पाय रिसीव्हरवर आणि एक हँडगार्डवर, हे तर मुळीच नको.

रिसीव्हरवर पुढच्या निम्म्या भागात ठेवा. डोळ्यापासून लांब गेला की चौकट बारीक दिसते आणि बाजूचं जास्त दिसतं. पुढे कधी ३ पट मोठं दाखवणारा मॅग्निफायर लावायची इच्छा झाली तर त्यालाही जागा उरते.

आटेमोड्या

स्क्रूंबद्दल मी लिहितो. "डॉट झीरो धरत नाही" या तक्रारीत दहातल्या आठ वेळा काच निर्दोष असते आणि माउंट ढिलं असतं. (आकडा अंदाजाने, पण फार चुकीचा नसावा.)

दोन जोडण्या वेगळ्या समजा. एक, डॉटच्या बुडाशी माउंट धरणारे चार छोटे स्क्रू. दुसरी, माउंटला रेलवर आवळणारा आडवा बोल्ट.

छोटे स्क्रू साधारण १० ते १५ इंच-पौंडांच्या (आवळण्याच्या जोराचं माप) घरातले असतात. अंतिम आकडा पुस्तिकेतला. मनगटाच्या अंदाजाने ३० सहज होतात आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. टॉर्क पाना इंच-पौंडाचा घ्या, गाडीच्या चाकांचा नको. तिरपे आवळत जा, म्हणजे एक कोपरा, मग समोरचा, मग उरलेले. आधी चारही नुसते टेकवा, मग दोन फेऱ्यांत पूर्ण करा.

आडव्या बोल्टचा आकडा कंपनीगणिक प्रचंड वेगळा असतो. एकाचा २० तर दुसऱ्याचा ६५, म्हणून एका माउंटचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

आवळण्याआधी माउंट खाचेत पुढे, नळीच्या तोंडाकडे ढकलून धरा. पिकॅटिनीची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, माउंटचा दांडा त्याहून किंचित अरुंद. गोळी सुटल्यावर बंदूक मागे येते आणि डॉट जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतो, म्हणजे खाचेत पुढे सरकतो. आधीच पुढच्या भिंतीला टेकलेला असेल तर सरकायला जागाच नाही. नाहीतर पहिल्या वीसेक गोळ्यांत तो सरकून बसतो आणि तुम्ही म्हणता झीरो हललं.

लॉकटाइट: निळं, २४२ किंवा २४३. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्क्रू आणि भोक दोन्ही पुसा, कारखान्याचं तेल असतं. आट्यांवर छोटासा थेंब पुरे, भोकात ओतायचं नाही. पूर्ण पकडायला २४ तास द्या. आज लावून तासाभरात रेंजवर जाण्यात अर्थ नाही. लाल २७१ हातात आलं तर परत ठेवा: ते सोडवायला स्क्रू २५० अंश सेल्सियसच्या वर तापवावा लागतो, तोवर आतली इलेक्ट्रॉनिक्स शिजेल. स्क्रूवर आधीच निळा किंवा पिवळा लेप असेल तर वरून काही लावू नका. एमबसच्या स्क्रूलाही नको, या द्रवाने बरीच प्लास्टिकं तडकतात.

शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, पाना लावून तपासत बसायला नको.

आणि सेल कुठून बदलायचा ते बसवण्याआधीच बघून ठेवा. काही डॉटमध्ये सेल बुडाशी असतो, म्हणजे बदलताना माउंट उतरवायचं आणि झीरो पुन्हा.

ठिपका_बहाद्दर

झीरोचं मी घेतो.

घरून निघण्याआधी नळीतून रांग लावा. मागची आणि पुढची पिन ओढून वरचा रिसीव्हर वेगळा करा, बोल्ट कॅरिअर आणि चार्जिंग हँडल काढा, रिसीव्हर वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. मागून नळीतून बघत ५० यार्डांवरची एखादी ठळक गोष्ट नळीच्या गोलात मधोमध आणा. आता रिसीव्हर न हलवता डॉटमधून बघा आणि ठिपका त्याच गोष्टीवर आणा.

दिशा नीट समजून घ्या. डॉटवरचे "आर" आणि "यू" हे बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतात, ठिपका कुठे सरकेल ते नाही. नळीतून रांग लावताना ठिपका लक्ष्याच्या उजवीकडे दिसत असेल तर फिरवायचं "आर"कडेच: गोळी उजवीकडे न्यायची म्हणजे ठिपका डावीकडे जाणार. ठिपका वर दिसतोय तर "यू".

चेंबरमध्ये घालायचा लेझर वापरत असाल तर तो काढल्याशिवाय मॅगझिनला हात लावायचा नाही.

४०३बीचं एक क्लिक अर्धा एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग). १०० यार्डांवर १ एमओए म्हणजे १.०५ इंच. म्हणजे २५ यार्डांवर एका इंचाला ८ क्लिक, ५० वर ४, १०० वर २. (जरा कमी-जास्त, पण रेंजवर हेच पाठ असावं.)

आता २५ यार्डांचा प्रश्न. ठिपका तिथेच गोळी असं २५ वर करू नका. काचेचा मध्य नळीच्या मध्यापासून पावणेतीन इंच वर आहे. २५ वर दोन रेषा जुळवायच्या तर नळी बरीच वर रोखावी लागते, आणि मग ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १०० यार्डांवर ६ इंच किंवा थोडी जास्तच वर जाते.

माझी पसंती ५० यार्डांचं झीरो. तुमच्या उंचीला, ५५ ग्रेनच्या काडतुसाने ते साधारण असं दिसतं:

१० यार्ड: २ इंच खाली
२५ यार्ड: सव्वा इंच खाली
५० यार्ड: बरोबर
१०० यार्ड: दीड ते पावणेदोन इंच वर
२०० ते २२५ यार्ड: पुन्हा बरोबर

म्हणजे २५ च्या रेंजवर ठिपक्याच्या सव्वा इंच खाली कागदावर खूण करा आणि गोळ्यांचा गट त्या खुणेवर आणा. पण हे कच्चं काम. २५ वरची पाव इंचाची चूक १०० वर एक इंच होते. एकदा तरी ५० वर जाऊन पक्कं करायलाच हवं.

पाच-पाच गोळ्यांचे गट मारा आणि गटाच्या मध्यापासून मोजा. एकेका गोळीमागे क्लिक फिरवत गेलात तर स्वतःच्याच थरथरीचा पाठलाग कराल. ठिपक्याची चमक कमीत कमी दिसेल इतकी ठेवा. २ एमओएचा ठिपका २५ यार्डांवर अर्ध्या इंचाचा, पण भडक ठेवला तर फुगून दीड इंच झाकतो. झीरो करताना ठिपका काचेच्या मध्याजवळ ठेवा. पॅरालॅक्स (डोळा हलला की ठिपका सरकणं) नाही असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी कडेला ठिपका थोडा सरकतोच. बंदूक पिशवीवर ठेवून नुसतं डोकं हलवून बघा, कळेल.

लोखंडी_माशी

५० च्या झीरोला माझा विरोध नाही, पण कागदावर १०० पर्यंतच मारणार असाल तर १०० चं करा. मग गोळी कुठल्याच अंतरावर ठिपक्याच्या वर जात नाही, ५० वर पाऊण इंच खाली आणि २५ वर दीड इंचाच्या जरा पुढे. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: जवळ असेल तर थोडं वर धरा.

ठिपका माशीच्या टोकावर टेकायला हवा का? नाही. तुमच्या उंचीला डोकं सहज ठेवलं तर ठिपका माशीच्या बराच वर तरंगेल. मुद्दाम गाल दाबून दोन्ही साइटमधून बघितलं तरच तो माशीच्या टोकाशी येईल, तेही दोन्हीचं झीरो एकाच अंतराचं असेल तर. लोखंडी साइटचं झीरो पक्कं झालेलं असल्यास ठिपका तिच्या टोकावर आणून पहिल्या गोळ्या कागदावर पाडता येतात, नळीतून रांग लावण्याची खटपट वाचते. त्यालाच झीरो मात्र म्हणू नका.

भारतात १० मीटर एअर रायफल केलेल्यांसाठी एक सूचना. तिथे मागच्या बारीक भोकातून बघताना नजर पुढच्या साइटवर ठेवायची सवय लागलेली असते. डॉटला नेमकं उलट. नजर लक्ष्यावर, दोन्ही डोळे उघडे, ठिपका आपोआप त्यावर येतो. ठिपक्याकडे बघत बसलात की लक्ष्य धूसर होतं आणि वेगाचा सगळा फायदा गेला.

नवखा_नेमबाज

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे आधी लोखंडी साइट. खांबावर "एफ" आहे. २५ यार्ड, पिशवीवरून, ५५ ग्रेन, पाच-पाचचे चार गट, प्रत्येक गट इंचभराचा. उंची जमली. पण मागची साइट मधोमध असताना गट अडीच इंच डावीकडे, आणि तो मध्यावर आणायला मागची साइट जवळजवळ उजव्या टोकाला न्यावी लागली. हे चालेल का?

दुसरं: घरात काचेतून बघितलं तर ठिपका गोल नाही, स्वल्पविरामासारखा शेपटी असलेला दिसतो. चमक वाढवली की द्राक्षाचा घोस. माल खराब आला का?

चष्मिष

ठिपक्याचं आधी, कारण यावरून लोक चांगले डॉट परत पाठवतात.

तीन तपासण्या. मोबाइलचा कॅमेरा डोळ्याच्या जागी धरून ठिपक्यावर फोकस करून फोटो काढा: फोटोत गोल असेल तर डॉट ठीक. बंदूक आडवी करून बघा, डोकं सरळ ठेवून: शेपटीची दिशा बदलली नाही तर दोष डोळ्याचा, बंदुकीबरोबर फिरली तर डॉटचा. तिसरी, एमबसचं बारीक भोक उभं करून त्यातून ठिपका बघा. गोल दिसला तर दृष्टिवैषम्य आहे, इंग्रजीत ज्याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात ते. बारीक भोक कडेचा प्रकाश कापतं, म्हणून ठिपका सुधारतो.

उपाय: सिलिंडर नंबरचा चष्मा असेल तर तो लावूनच झीरो आणि नेम. चमक एक-दोन पायऱ्या कमी. एवढ्याने बहुतेकांचं भागतं. नाहीच भागलं तर प्रिझमवाली साइट बघा, तिच्यातली खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे फोकस करता येते. तिचा तोटा असा की डोळा ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो, डॉटसारखं कुठूनही बघून चालत नाही.

लोखंडी_माशी

डावीकडच्या गटाचं. आधी साधी कारणं काढून टाका. बंदूक हातात कललेली नाही ना? स्लिंग (खांद्याचा पट्टा) खांबाच्या कडीला अडकवून ताणलेला नाही ना? तसा ताण थेट नळीवर येतो आणि गट ताणाच्या दिशेने सरकतो. ही कारणं नसतील तर खांबच कललेला आहे.

हिशेब बघा. खांबाचं टोक नळीच्या मध्यापासून सुमारे २.६ इंच वर. खांब १ अंश कलला तर टोक ०.०४५ इंच बाजूला जातं. दोन साइटमधलं अंतर साडेचौदा इंच, म्हणजे ११ एमओएच्या जवळपास, २५ यार्डांवर पावणेतीन इंच. तुमचा आकडा अडीच, म्हणजे खांब अंशाला थोडा कमी, आणि गट डावीकडे म्हणजे मागून बघताना तो उजवीकडे कललेला. रेलवर एक छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून बंदूक सपाट करा आणि मागून खांबामागे ओळंबा धरा, डोळ्याला दिसेल.

चालेल का? मागची साइट टोकाला नेऊन लागू तर पडते, पण पुढे काडतूस बदललं तर सरकवायला जागा उरत नाही. बंदूक नवी असेल तर कंपनीकडे पाठवा, हा त्यांचा दोष. स्वतः पिना ठोकायला जाऊ नका. त्या निमुळत्या असतात, एकाच बाजूने निघतात, उलट ठोकल्या तर खांब आणि नळी दोन्हीची भोकं बिघडतात. बंदूक-कारागिराचं काम.

लाल ठिपक्याला मात्र याचं सोयरसुतक नाही. तो रिसीव्हरवर बसलाय, खांबाशी त्याचा संबंध नाही. डॉटचं झीरो निवांत करा. फक्त ठिपका माशीच्या टोकावर आणून सुरुवात करण्याची वर सांगितलेली युक्ती मागची साइट मधोमध असताना वापरू नका, अडीच इंचाची चूक तशीच डॉटमध्ये येईल. नळीतूनच रांग लावा.

आटेमोड्या

५० गोळ्या झाल्या की नेलपॉलिशच्या रेघा बघायच्या, मग २०० ला. रेघा जागेवर आणि गट सरकलेला, असं झालं तर काडतूस बदललंय का ते आधी विचारा. ५५ ग्रेनवरून ७७ वर गेलात तर त्याच झीरोवर गट इकडेतिकडे होणारच.

ठिपका_बहाद्दर

वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि एच-१बीवाल्यांसाठी, हा प्रश्न नेहमी येतो म्हणून: बिगर-स्थलांतरित व्हिसावर असताना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगता येत नाहीत. मोजके अपवाद आहेत, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा. रेंजवर भाड्याने घेणंही बाळगण्यात मोडतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. आणि सुट्टीत भारतात जाताना डॉट बॅगेत टाकू नका. नुसती काच असली तरी बंदुकीवरच्या ऑप्टिकला अमेरिकेचे निर्यातीचे नियम लागू होतात.

नवखा_नेमबाज

फोटोत ठिपका गोल आहे, चष्मा लावल्यावर डोळ्यालाही जवळजवळ गोल. लेव्हल ठेवून बघितलं, खांब उजवीकडेच कललाय. बंदूक वॉरंटीत आहे. पाठवताना डॉट काढून ठेवू की लावलेलाच राहू दे?

लोखंडी_माशी

काढा, एमबसही काढा. कुठल्या खाचेत होते ते लिहून ठेवा. परत आल्यावर त्याच खाचेत, पुढे ढकलून, त्याच टॉर्कवर. तरीही झीरो नव्याने तपासायचंच. गटाचे कागद आणि लेव्हल ठेवलेला फोटो बंदुकीबरोबर पाठवा, नाहीतर "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन ती तशीच परत येते.